वैद्याचा कान

शास्त्रभाग : मार्क ५:२१–४३



बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीची हकिकत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिच्या विश्वासावर आपल्या व्यासपीठांवरून पुष्कळ उपदेश झाले आहेत, आणि ते योग्यच आहे. आज आपण तिच्यासाठी वाटेत थांबलेल्या वैद्याकडे विशेष लक्ष देऊ या.

मार्क सांगतो की, या बाईने पुष्कळ वैद्य केले, त्यांच्या हातून पुष्कळ सोसले, जवळ होते नव्हते ते सर्व खर्चून टाकले, आणि तरीही गुण न येता दुखणे वाढतच गेले (५:२६). लूकही हीच घटना सांगतो. तो स्वतः वैद्य होता (कलस्सै ४:१४), म्हणून की काय, आपल्या व्यवसायबंधूंविषयी लिहिताना त्याची लेखणी जरा सौम्य झाली आहे (लूक ८:४३). ही बाई गर्दीतून मागून आली, तिने प्रभूच्या वस्त्राला स्पर्श केला आणि तत्क्षणी तिचा रक्तस्राव थांबला. येथे प्रकरण संपावयास हवे होते. पुढे याईर ताटकळत उभा होता. त्याची लेक अत्यवस्थ होती. कोणताही कामात गढलेला वैद्य पुढे निघून गेला असता. परंतु प्रभू थांबला आणि आपल्याला कोणी स्पर्श केला हे विचारू लागला. एवढ्या रेटारेटीत हा प्रश्न शिष्यांना चमत्कारिक वाटला. तरीही तो सभोवार पाहतच राहिला. शेवटी ती भीत व कापत पुढे आली आणि तिने जे होते ते सर्व सांगून टाकले (५:३३). बारा वर्षांची कर्मकहाणी ती! तिला कोणी मध्येच तोडले असे मार्क लिहीत नाही.

हा भाग सावकाश वाचला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. तिचे शरीर एकोणतिसाव्या वचनातच बरे झाले आहे. मग चौतिसाव्या वचनात प्रभू तिला पुन्हा आरोग्याचा आशीर्वाद का देतो? उत्तर या दोन वचनांच्या मध्ये आहे. मध्ये तिचे सांगणे आहे आणि प्रभूचे ऐकणे आहे. स्पर्शाने तिचा रोग गेला. परंतु नियमशास्त्राने अशुद्ध ठरलेली (लेवीय १५:२५–२७), वैद्यांच्या पायऱ्या झिजवून कंगाल झालेली ती बाई शांती घेऊन, कन्या म्हणून घरी परतली ती तिचे ऐकून घेतले गेल्यानंतरच. रोग्याचे ऐकणे हे उपचार आटोपल्यावर दाखवावयाचे सौजन्य नाही. तो उपचाराचाच भाग आहे. हे या शास्त्रभागाचे मर्म होय.

आता हा शास्त्रभाग घेऊन आपण मनाने झाशीला जाऊ. अठराव्या शतकात मराठी सुभेदारांच्या हाती आलेले, पुढे नेवाळकरांचे आणि राणी लक्ष्मीबाईंचे म्हणून आपल्याला जवळचे वाटणारे हे नगर. तेथे १९६८ साली स्थापन झालेले महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि बुंदेलखंडातील खेड्यापाड्यांचे रोगी त्याच्या दाराशी येतात. तेथेच प्रेषित संत यूदा, ज्यांना लोक संत ज्यूड या नावाने अधिक ओळखतात, यांचे तीर्थस्थान आहे. दर वर्षी २८ ऑक्टोबरच्या सणाला देशाच्या निरनिराळ्या भागांतून भाविक तेथे लोटतात. ज्यांची आशा खुंटली त्यांचा कैवारी अशी या संताची ख्याती. आजाराने हताश होऊन त्या वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्यांपैकी कितीजणांना आपल्या दुखण्याचे नाव तरी कोणी नीट समजावून सांगितलेले असते? पुष्कळदा आशा खुंटते ती रोगामुळे कमी आणि रोगाविषयी कोणीच काही बोलत नाही म्हणून अधिक.

आपल्या पूर्वीच्या मिशनरी डॉक्टरांना हे कळत होते. परपुरुषासमोर दुखणे सांगता येत नाही म्हणून स्त्रिया उपचारांवाचून मरत, हे पाहून विमेन्स युनियन मिशनरी सोसायटी या अमेरिकी स्त्रियांच्या संस्थेने झाशीत मेरी ॲकरमन हॉइट स्मारक रुग्णालय चालवले. आपल्याकडे मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे रुग्णालय १८९४ साली उघडले. त्या काळी परदेशातून येणाऱ्या मिशनरीला प्रथम येथील भाषेच्या परीक्षेला बसावे लागे. औषधांच्या पेट्या बोटीने येत होत्या. रोग्याची भाषा मात्र येथेच, येथल्या माणसांच्या पायाशी बसून शिकावी लागत होती.

भाषेची ही अडचण आजही संपलेली नाही. झाशी हे रेल्वेचे मोठे जंक्शन आणि लष्कराची छावणी. नोकरीनिमित्त मुलगा तेथे जातो, मागोमाग म्हातारी आई जाते. आपल्या मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत पाहा! कळ, ठणका, चमक, मुरडा, पेटका, जळजळ, चुरचुर, मळमळ, कसकस, ओढ. प्रत्येक शब्द वेगळ्या अवयवाकडे, वेगळ्या व्याधीकडे बोट दाखवतो. हिंदीतही असे शब्द पुष्कळ आहेत, परंतु ते या माउलीच्या ओठी येत नाहीत. डॉक्टरांसमोर तिच्याजवळ एकच शब्द उरतो : ‘दर्द’. छातीतली कळ आणि पोटातली जळजळ एकाच शब्दात कोंबली जाते. याच्या उलटही घडते. बुंदेलखंडातील मजूर पोटापाण्यासाठी आपल्या शहरांत येतात. तो बिचारा डोक्याला ‘मूड़’ म्हणतो आणि दुखण्याला ‘पिराना’. ‘मूड़ पिरात’ असे त्याने सांगितले, तर मुंबईच्या एखाद्या दवाखान्यात त्याचे डोके दुखते आहे की मन उदास आहे, असा प्रश्न पडावयाचा!

याईराच्या मुलीला उठवताना प्रभूने तिच्या घरच्या अरामी बोलीत हाक मारली. मार्काने शुभवर्तमान ग्रीक भाषेत लिहिले, परंतु ती हाक त्याने जशीच्या तशी ठेवली (५:४१). बहिऱ्या-तोतऱ्या माणसाचे कान उघडतानाही तसेच (७:३४). रोग्याशी रोग्याच्या बोलीत बोलणारा हा वैद्य आपला प्रभू आहे. त्याच्यापासून चार गोष्टी शिकू या.

पहिली गोष्ट, त्याने विचारले. भूतग्रस्त मुलाच्या बापाला त्याने प्रथम हेच विचारले की, मुलाला असे केव्हापासून होत आहे (मार्क ९:२१). सर्व जाणणाऱ्याने हा प्रश्न का विचारावा? कारण त्या बापाला सांगावयाचे होते. आज मात्र सांगावयास वेळ मिळत नाही. १९८४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले की, रोगी बोलू लागला की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला थांबवतात. ६७ देशांची माहिती एकत्र करून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आपल्या देशात प्राथमिक उपचारांसाठी आलेल्या रोग्याच्या वाट्याला डॉक्टरांची सुमारे दोन मिनिटे येतात असे दिसून आले. त्या दोन मिनिटांत नाव, तपासणी आणि चिठ्ठी! कहाणी सांगावयाची केव्हा?

दुसरी गोष्ट, जे सांगितले जात नाही तेही त्याने ऐकले. रक्तस्रावाची ती बाई पाठीमागून आली, कारण समोरून येऊन सांगण्यासारखे तिचे दुखणे नव्हते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. शंभरातील ९२ स्त्रियांना स्त्रीरोग होते. परंतु पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात अवघ्या ८ होत्या. गालीलाच्या त्या एका बाईसारख्या किती बाया आपल्या गावागावांत मुकाट्याने फिरत होत्या! आजही बाई दवाखान्यात येऊन कंबर दुखते एवढेच सांगते आणि खरे दुखणे पदराखाली झाकून घरी नेते. तिच्यासाठी पडदा हवा, जवळ एखादी परिचारिका हवी, सोबत आलेल्या नातेवाइकांना क्षणभर बाहेर बसवण्याचा विवेक हवा. प्रभूने या बाईला लोकांसमोर बोलते केले, कारण तिच्यावरचा कलंक लोकांसमोरच पुसावयाचा होता. बहिऱ्या माणसाला मात्र त्याने गर्दीतून एकीकडे नेले (७:३३). कोणाला कोठे बोलते करावे हे जाणणे हीदेखील वैद्याची विद्या आहे.

तिसरी गोष्ट, समजेल असे सांगणे. नामानाची कथा आठवा. अलीशाने सांगितलेला उपाय अचूक होता. परंतु संदेष्टा स्वतः बाहेर आला नाही. त्याने तो निरोप्याकडून कळवला (२ राजे ५:१०). नामानाचा गर्व उतरावा असा त्यात हेतू असेल. पण परिणाम काय झाला? औषध बरोबर असूनही रोगी संतापून परत निघाला. त्याला माघारी वळवले ते त्याच्या चाकरांनी. त्यांनी दुसरे औषध शोधले नाही. तेच औषध नम्रतेने, त्याच्या मनाला पटेल अशा शब्दांत पुन्हा सांगितले. आपल्या रुग्णालयांतील परिचारिकांनो, हे तुमचे काम आहे आणि ते लहान समजू नका. क्षयाचे औषध साधारणतः सहा महिने घ्यावे लागते. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगात शक्ती येते आणि रोग्याला वाटते, झालो बरा. बरे वाटणे आणि बरे होणे यांतला फरक त्याला कोणी सांगितला नसेल, तर तो गोळ्या सोडतो आणि रोग अधिक चिवट होऊन परततो. म्हणून नुसते ‘समजले ना?’ असे विचारू नये. त्याला कोणीही मान डोलावतो. ‘घरी गेल्यावर ही गोळी कशी घ्याल, मला सांगा बरे,’ असे विचारावे. शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला पुरेशी माहिती देऊन मगच संमती घेतली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालीच सांगितले आहे. घाईघाईने पुढे सरकवलेल्या कागदावरचा अंगठा ही संमती नव्हे.

चौथी गोष्ट, कटू वार्ता सांगण्याची रीत. याईराच्या घरून आलेल्या माणसांनी भर गर्दीत, कोरड्या शब्दांत त्याला सांगितले की मुलगी गेली आणि आता गुरुजींना त्रास देण्यात अर्थ नाही (मार्क ५:३५). वार्ता त्यांच्या समजुतीने खरी होती, पण सांगणारे सांगून मोकळे झाले. प्रभूने ते ऐकताच त्या बापाला धीर दिला आणि तो त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत गेला. यशयाने हिज्कीया राजाला मृत्यूची वार्ता सांगितली. परंतु तो मधल्या चौकातून बाहेर पडतो न पडतो तोच परमेश्वराने त्याला रडणाऱ्या राजाकडे परत पाठवले (२ राजे २०:४–५). कठोर वार्ता सांगितल्यावर रोग्याच्या खोलीत पुन्हा जावे लागते, हा यातला धडा आहे.

झाशीने हा प्रश्न अत्यंत भीषण रूपात अनुभवला आहे. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री तेथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. दहा तान्ही बाळे त्या रात्री दगावली आणि पुढील दिवसांत आणखी काही. धुरातून बालके बाहेर काढली जात असताना आईबाप एकच प्रश्न विचारीत धावत होते : आमचे बाळ कोठे आहे? आगीची कारणे आणि दोष शोधणे हे चौकशीचे काम. तो निवाडा आपण करू नये. परंतु त्या आईबापांच्या जागी स्वतःला क्षणभर ठेवून पाहा. अशा वेळी आग विझवणाऱ्याइतकीच, दारात उभे राहून ‘थांबा, मी पाहून येतो आणि तुम्हाला सांगतो’ असे म्हणणाऱ्या माणसाची गरज असते. मृत्यूची वार्ता माणसाला मोडते. काहीच वार्ता न मिळणे त्याला तिळतिळ जाळते.

येथे एखादे ख्रिस्ती डॉक्टर मला थांबवतील. ते म्हणतील, ‘प्रभू त्या बाईसाठी थांबला आणि इकडे याईराची मुलगी मरण पावली. त्याला तिला उठवता आले; मला ते सामर्थ्य नाही. बाहेर शंभर रोगी बसले आहेत. एकाचे ऐकत बसलो तर दुसऱ्याचे काय?’ ही तक्रार खरी आहे आणि उपदेशकाने ती उडवून लावू नये. ज्या डॉक्टरने रात्रभर जागून सकाळी पुन्हा ओपीडी उघडली त्याला कोरडा उपदेश करणे सोपे आहे. म्हणून त्याच्यापुढे एकच लहानशी गोष्ट ठेवतो. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे डॉक्टरांनी ठरवून रोग्यांना मध्ये न तोडता बोलू दिले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रोग्यांचे बोलणे सरासरी ९२ सेकंदांत आपोआप संपले. दीड मिनिट! तेवढे दीड मिनिट पुष्कळ वेळा चुकीची तपासणी आणि वाया जाणारे औषध वाचवते. आपल्या देशात २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे शिक्षण समाविष्ट झाले आहे, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र कान देणे हे परीक्षेपुरते शिकता येते आणि परीक्षेनंतर विसरताही येते. ते टिकते प्रीतीने.

आणि उरलेला भार कोणी उचलावा? माझे उत्तर आहे, मंडळीने. डॉक्टरांजवळ वेळ नसेल तर आपल्याजवळ आहे. झाशीच्या वॉर्डात एकट्या पडलेल्या मराठी म्हातारीजवळ बसून तिची कळ कोठून कोठे जाते हे समजून घेणारी आणि ते डॉक्टरांना हिंदीत सांगणारी एखादी भगिनी तेथील मंडळीत नसेल काय? पुण्या-मुंबईच्या सरकारी रुग्णालयात बुंदेलखंडाच्या मजुराजवळ अर्धा तास बसणारा एखादा तरुण संघ आपण उभा करू शकणार नाही काय? आपण आजाऱ्याच्या भेटीला जातो, स्तोत्र वाचतो, प्रार्थना करतो आणि निघतो. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले तोवर ते खरे मित्र होते (ईयोब २:१३). बोलू लागले तेव्हा ईयोबाला त्यांना निरुपयोगी वैद्य ठरवावे लागले (१३:४). यापुढे भेटीला जाताना प्रार्थनेपूर्वी थोडा वेळ गप्प बसू या.

रोग्यांचेही कर्तव्य आहेच. त्या बाईने काही राखून न ठेवता सर्व सांगितले. आपण मात्र तंबाखू लपवतो, मध्येच सोडलेल्या गोळ्या लपवतो, दुसऱ्या वैद्याची पुडी लपवतो आणि मग डॉक्टरला रोग ओळखता येत नाही म्हणून बोल लावतो. नातेवाईक दुःखाच्या भरात डॉक्टरवर हात उगारतात. हे थांबवण्यासाठी महाराष्ट्रात २०१० साली कायदा करावा लागला. जो प्रश्न शब्दांनी विचारता आला असता तो मुठीने विचारला जातो, तेव्हा पुढच्या रोग्यासाठी डॉक्टरचे तोंड आणखी मिटते. भीतीने मिटलेल्या तोंडातून सत्य निघत नाही, मग ते तोंड रोग्याचे असो वा वैद्याचे.

प्रियांनो, याईराच्या घरी प्रभूने मुलीला उठवले आणि मग अगदी साधी सूचना दिली : तिला काही खावयास द्या (५:४३). एवढा मोठा चमत्कार झाल्यावरही त्या भांबावलेल्या आईबापांना आता काय करावे हे कोणीतरी सांगावयास हवे होते, आणि ते त्याने सांगितले. मृत्यूवर जय मिळवणारा वैद्य पथ्याची गोष्ट विसरला नाही. आपल्या डॉक्टरांना, परिचारिकांना आणि आपल्यालाही त्याचे हे ध्यान लाभो.

प्रार्थना : हे प्रभू, तू आमची कहाणी जाणत असूनही ती आमच्या तोंडून ऐकतोस. जे आज दवाखान्याच्या बाकावर आपल्या पाळीची वाट पाहत आहेत त्यांना बोलण्याचे धैर्य दे. जे टेबलापलीकडे थकून बसले आहेत त्यांना ऐकण्याची शक्ती दे. झाशीत ज्या आईबापांची पाळणी रिकामी झाली त्यांच्याजवळ तू बैस. आणि आम्हा मंडळीला तुझा कान कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.